माझ्या टेबलावर बिट चढत नाही

सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये बाई काय करते, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला. विचारणाऱ्याच्या घरात शोधलं असतं तर एखादं तरी कपाट मीच कडा मारलेलं सापडलं असतं. म्हणून आधीच सांगून टाकते. मी विजया, राहणार कात्रप, बदलापूर. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागच्या गल्लीत लछूशेठचं वर्कशॉप आहे, तिथे मी सव्वीस वर्षं राऊटर टेबलावर उभी होते. राऊटर म्हणजे घरातली इंटरनेटची डबी नव्हे. आमच्या सोसायटीत हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी कुणाचं नेट गेलं की अजून माझीच बेल वाजते.

आमचा राऊटर म्हणजे एक मोटर. ती भक्कम टेबलाच्या खाली उलटी टांगायची. टेबलाला मधोमध भोक असतं. त्या भोकातून पोलादी पात्याचं टोक वर डोकावतं, त्याला बिट म्हणायचं. मोटर चालू केली की ते इतकं गरगर फिरतं की दिसेनासं होतं. मग लाकूड त्याच्यावरून हळू सरकवत न्यायचं. बिट जसं असेल तशी कडेला नक्षी पडते, नाहीतर मधून सरळ खाच पडते. तुमच्या किचनच्या दाराला लाकडी चौकट असेल, तर तिच्यात मधली फळी बसलेली असते ना, ती अशाच खाचेत बसलेली असते.

आता एवढं फिरणाऱ्या बिटाला धरून कोण ठेवतं? तर कॉलेट. हे एक आखूड नळकांडं असतं, बाजूंना उभ्या चिरा पाडलेलं. बिटाची दांडी त्यात घालायची आणि वरचा नट आवळायचा. चिरा मिटतात आणि दांडी घट्ट पकडली जाते. सगळा खेळ त्या पकडीवर आहे. पकड कमी पडली तर बिट एकदम सुटत नाही, ते हळूहळू वर चढतं. वरून आपल्याला काही कळत नाही. आपण गाणं गुणगुणत लाकूड सरकवतोय आणि सहा मिलिमीटरने सुरू झालेली खाच शेवटाला नऊवर गेलेली असते.

माझ्याआधी या टेबलावर जो मिस्त्री होता, त्याला वाटायचं की जोर हाच सगळ्यावर उपाय. एकदा त्याने बारीक दांडीचं बिट जाड भोकात बसवायला दांडीभोवती कागद गुंडाळला आणि दात-ओठ खाऊन नट आवळला. मशीन सुरू केलं, ठणठण आवाज आला आणि बिट गायब! दहा मिनिटं आम्ही सगळे जमिनीवर शोधतोय. शेवटी ते भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रुतलेलं सापडलं, आणि तेही नेमकं ज्या तारखेला तो गावाला जायचा होता त्या चौकोनात. मिस्त्रीने ते बघितलं, हात जोडले आणि त्याच संध्याकाळी गावाला गेला. तो अजून यायचाय.

मी तेव्हा पॉलिशच्या बाजूला कागद घासायला होते. लछूशेठ डोक्याला हात लावून बसलेले. मी म्हटलं, "शेठ, मी उभी राहते."

"अदी, उंगली जाएगी," शेठ म्हणाले. अदी म्हणजे सिंधीत ताई. शेठ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी मला अदीच म्हणायचे.

"उंगली माझी आहे ना?" मी म्हटलं आणि उभी राहिले. ती सव्वीस वर्षं. दहाची दहा बोटं अजून आहेत, मोजून घ्या.

माझी पद्धत साधी होती. रोज सकाळी नट उघडायचा, कॉलेट बाहेर काढायचं, जुन्या टूथब्रशने त्याच्या चिरांमधला भुसा झाडायचा, फडक्याने आतून पुसायचं. तेलाचं बोटसुद्धा आत जाऊ द्यायचं नाही. दांडी पार तळाला टेकवायची आणि मग भाताचं शीत मावेल एवढी वर उचलायची, कारण तळाला टेकलेली दांडी नीट पकडली जात नाही. मग दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचं आणि एकाने आवळायचं. शेवटी दांडीवर पेन्सिलने बारीक रेघ, म्हणजे बिट केसभर जरी सरकलं तरी चोरी पकडली जाते. एवढं केलं की झालं. यात जोर नाही, नेम आहे. पण पुरुषांना नेम शिकवायला गेलं की ते दंड दाखवतात.

गिऱ्हाइकं काय विचारू नका. एकाने देव्हारा करायला दिला आणि म्हणाला, "जितनी डिझाइन बैठेगी उतनी बिठा दो." मी अकरा बिटं वापरली. देवाला बसायला जागा उरली नाही, तेव्हा म्हणतो, आता देव छोटे घेतो.

या सगळ्यात मी एकच गोष्ट मिरवली. माझ्या टेबलावर बिट चढत नाही. हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये बोलले, बाजारात बोलले, हळदीकुंकवाला बोलले. आणि एक दिवस नको त्या माणसासमोर बोलले.

तो माणूस म्हणजे आमचे होणारे व्याही, काशिनाथराव. राहणार अंबरनाथ. एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते. निवृत्त झाले, पण तपासणी काही थांबली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर असतो, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायची ती सरकती स्टीलची पट्टी. आमच्या पल्लवीला बघायला आले तेव्हा त्यांनी पोह्यांबरोबरची चकली उचलली, खिशातून पट्टी काढली आणि चकलीची जाडी चार ठिकाणी मोजली. "एकसारखी आहे," असं म्हणून मग खाल्ली. त्यांचा मुलगा अमोल कानापर्यंत लाल झाला. पल्लवी मात्र खो खो हसत सुटली, आणि तिथेच मी ओळखलं की पोरगी गेली. अमोल तिला मनापासून आवडला होता. त्याचा चहा गार झाला म्हणून तिने तो दोनदा गरम करून दिला. हा मान आमच्या घरात तिच्या बापालाही मिळत नाही.

पण मला धास्ती होती ती काशिनाथरावांची. याआधी त्यांनी अमोलचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीच्या वडिलांनी फ्लॅट जेवढा सांगितला होता, तेवढा तो भरला नाही. काशिनाथरावांनी सोफा सरकवून टेपने मोजला होता. चहा न घेता उठून आले म्हणे.

आमच्याकडे टेप निघाला नाही, पण काम निघालं. अमोलने शिरगावला फ्लॅट घेतला होता, लग्नानंतर दोघं तिथे राहणार होते. काशिनाथराव म्हणाले, "विहीणबाई, तिथल्या किचनची दारं तुमच्याच हातची होऊ द्या. मी समोर उभा राहून बघणार. खाचेच्या खोलीतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत पाहिजे."

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "अर्ध्याचं काय घेऊन बसलात? माझ्या टेबलावर बिट चढत नाही. चढलं, तर सोयरीक मोडा!"

आमच्या ह्यांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. काशिनाथरावांनी खिशातली छोटी वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चालेल."

पाहुणे गेल्यावर पल्लवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तू माझं लग्न एका नटावर लावलंस?"

"अगं, बोलण्याच्या भरात गेलं."

"तू बोलण्याच्या भरात काय काय घालवणार आहेस?" ती म्हणाली आणि आत जाऊन रडली. तिचं रडणं ऐकून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण वाटलं, घाबरायचं कशाला? इतक्या वर्षांत चढलं नाही ते आता काय चढणार?

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा असते. करवत, रंधा, राऊटर, सगळं घासून-पुसून लख्ख करायचं, हार घालायचे, हळदकुंकू लावायचं. त्या वर्षी तर माझ्या पोरीचं लग्न ठरलेलं. मी कंदी पेढ्यांचा मोठा डबा नेला आणि सगळ्यांचं तोंड गोड केलं. कुणालाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या ठोक्याला, काशिनाथराव वर्कशॉपच्या दारात हजर. पायात बूट, हातात वही, खिशात व्हर्नियर.

मी रुबाबात टेबलापाशी गेले. कॉलेट परवाच पूजेला घासलं होतं, म्हणून त्या दिवशी परत उघडलं नाही. माझ्या नेमातला हा पहिला खंड. बिटाची दांडी आत घातली, तर कशी अलगद, लोण्यासारखी गेली. मनात म्हटलं, शुभशकुन! दोन पान्यांनी आवळलं. रेघ मारायला पेन्सिल शोधत होते, तर काशिनाथराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "करायची ना सुरुवात?" राहिली रेघ.

पहिली चौकटीची पट्टी घेतली, चांगल्या सागवानाची, मीटरभर लांब. झकास सरकवली. भुसा उडाला आणि त्याबरोबर वेलचीचा मंद वास आला. शेठ नाक वर करून म्हणाले, "वाह अदी, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने दिवाळीची भट्टी लावली." मीही म्हटलं, लावली असेल.

काशिनाथरावांनी पट्टी उचलली. एका टोकाला व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "आठ." दुसऱ्या टोकाला लावला. परत लावला. चष्मा पुसून परत लावला.

"दहा," ते म्हणाले.

"व्होल्टेज!" मी म्हटलं. "सुट्टीनंतर व्होल्टेज असं वरखाली होतं." नट पुन्हा आवळला, उंची पुन्हा लावली, दुसरी पट्टी घेतली. पुन्हा तो वेलचीचा वास, जरा जास्तच. सुरुवातीला आठ, शेवटाला साडेदहा. मग मी सागवानाला दोष दिला, की हे ओलं आहे. करवतीवरच्या नंदू मिस्त्रीला दोष दिला, की तू पट्टी वाकडी कापलीस. तो बिचारा म्हणाला, "ताई, वाकडी असती तर खाच खोल कशी होईल?" तर त्याच्यावर ओरडले. मग पान्याचा नंबर लागला, तोंड झिजलंय म्हणून. मग शेठचा, की असले पाने तुम्हीच आणता. मग दसऱ्याच्या सुट्टीचा, की मशीन बसून राहिलं म्हणून बिघडलं. काशिनाथराव वहीत लिहीत होते.

शेवटी शेठनी त्यांना चहाला पुढे ऑफिसात नेलं. ते गेल्या गेल्या मी नट उघडला आणि बिट उपसून काढलं. दांडीवर पांढुरका, तुपकट लेप. नाकाशी नेलं. वेलची! वास मिठाईवाल्याकडून येत नव्हता, माझ्या मोटरीतून येत होता.

आणि मग मला आठवलं. परवा पूजेच्या वेळी बिट काढलेलं होतं, कॉलेटचं तोंड उघडं होतं. दरवर्षी मी पेढा टेबलाच्या कडेवर ठेवते. पण यंदा मन भरून आलं होतं. मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या जिवावर पोरीला शिकवलं, तिचं लग्न ठरलं, सगळ्यांचं तोंड गोड झालं, तुझंच का नको? आणि मी माझ्या ह्या हाताने, ह्या बोटाने, अर्धा पेढा त्या कॉलेटमध्ये भरवला होता. अगदी आतपर्यंत. डोळ्यांत पाणी आणून भरवला होता हो!

इतकी वर्षं तेलाचं बोट आत जाऊ दिलं नाही, आणि तूप-खवा घरच्या माणसासारखा आत सारला.

नंदूने दांडी हुंगली आणि तोंडावर हात दाबून खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. मग उठून म्हणाला, "ताई, पुसून टाका. बिट डुप्लिकेट होतं म्हणून सांगा. कोण विचारतंय?" तेवढ्यात शेठ आत डोकावले, त्यांना कळलं, तेही म्हणाले, "अदी, बेटी का सवाल है. बोल बिट डुप्लिकेट था. मी पण बोलतो."

आणि मी पुसलं. खोटं कशाला सांगू? कॉलेटही आतून पुसलं. काशिनाथराव परत आले तेव्हा त्यांच्या नजरेला नजर न देता म्हटलं, "बिटच डुप्लिकेट निघालं."

"असं होय," ते म्हणाले. त्यांनी बिट रुमालात गुंडाळलं. "कुठून घेतलं? चला, त्याला दाखवू. असा माल विकतो म्हणजे काय? उद्या कुणाच्या डोळ्यात उडेल."

आता आली का पंचाईत! बिटवाला मागच्याच गल्लीत. म्हातारा माणूस, मला वीस वर्षं बिटं देणारा, एकही बिट वाईट न दिलेला. मी गेले की तो स्टूल पुसून द्यायचा. काशिनाथराव पुढे, मी मागे. ते ताडताड चालले होते. पानाच्या टपरीशी वळलो आणि समोर तो म्हातारा दिसला. दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून हसला आणि स्टूल पुसायला उठला.

माझे पाय तिथेच थांबले. "काशिनाथराव, थांबा."

ते वळले.

"बिट चांगलं आहे. पुसून तुम्हाला दाखवलं मी. चूक माझी आहे. मी मशीनला पेढा भरवला."

"काय भरवलं?"

"पेढा. पल्लवीचं ठरलं म्हणून."

"कोणता?"

"कंदी."

"किती?"

"अर्धा," मी म्हटलं. "माझ्या जिभेपायी तुम्ही त्या दोघांना शिक्षा नका करू. माझ्या पोरीने कुठलाही नट आवळलेला नाही. मला काय बोलायचं ते बोला, इथेच, सगळ्या बाजारासमोर बोला."

त्यांनी वही काढली. आता मोडल्याची तारीख लिहितात की काय म्हणून मी पदर तोंडाला लावला. पण ते वाचायला लागले. "व्होल्टेज. सागवान. नंदू. पाना. शेठ. दसऱ्याची सुट्टी. बिटवाला." प्रत्येक नावावर बोट ठेवत त्यांनी वाचलं. "सात झाली. आणि आता हे आठवं." त्यांनी पेन काढून शेवटी लिहिलं, विहीणबाई.

मग त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं तपासणीला होतो. माल बिघडला की मी विचारायचो, चूक कुणाची? माणसं सात-सात नावं सांगायची. मी हे आठवं ऐकायला थांबायचो. येत नाही हो ते. सातावरच संपतं." त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "लग्नाची तारीख धरा. आणि आधी ते कॉलेट बदला, चिरांत गेलेलं तूप असं फडक्याने निघत नाही."

मी तिथे टपरीसमोर हमसून हमसून रडले. बिटवाला म्हातारा घाबरून स्टूल घेऊन धावत आला आणि काशिनाथरावांवरच डाफरला, "बाईमाणसाला रडवता काय?" त्यांनी वहीत त्याचं नाव खोडलं आणि त्याला वाकून नमस्कार केला. त्याला आजतागायत कळलेलं नाही की का.

त्या दिवशी नवीन कॉलेट घालून, टूथब्रश फिरवून, पेन्सिलची रेघ मारून मी सगळ्या पट्ट्या केल्या. आठ म्हणजे आठ, या टोकाला आणि त्या टोकाला. बिघडलेल्या दोन मात्र काशिनाथरावांनी टाकू दिल्या नाहीत. त्या शिरगावच्या घरात सिंकखालच्या दाराला लागल्या आहेत. ते दार उघडलं की आतली फळी जरा सरकते आणि टक् असा आवाज होतो. पल्लवी म्हणते, "आई, हे बदलून दे ना." सासरे म्हणतात, "हात लावायचा नाही."

गेल्या वर्षी मी पाना खाली ठेवला. माझ्या टेबलावर बिट चढत नाही, हे वाक्य मी त्या दिवसापासून पुन्हा उच्चारलं नाही. पण दरवर्षी खंडेनवमीला अंबरनाथहून काशिनाथरावांचा पेढ्यांचा डबा येतो, वर्कशॉपला एक आणि मला एक. डब्यावर त्यांच्या तपासणीखात्याच्या टापटीप अक्षरात लिहिलेलं असतं, फक्त माणसांसाठी.